डावं, उजवं आणि मीठ

मिठाची बरणी कोठीच्या मधोमध असते. आत जायचं तर तिला ओलांडून जावं लागतं.

*

मंचरच्या फ्लॅटमधला ड्रॉवर ढकलला की शेवटचं वीतभर अंतर स्वतःहून मिटतो. रत्ना तो पाहुण्यांना दोनदा दाखवते.

*

पप्पूच्या पिकअपच्या मागे 'नाद करायचा नाय' असं लिहिलं होतं. त्यातला 'नाद' उसाच्या मोळ्या घासून गेला. आता नुसतंच 'करायचा नाय' आहे.

*

कुरडयांना वजन नसतं. जागा लागते.

*

घोडीवरचा भार मागून बघायचा असतो. समोरून सगळ्याच घोड्या सरळ दिसतात.

*

डबे पांढऱ्या झाकणांचे, आतलं बाहेरून दिसणारे, तीन खोक्यांत आले. खोकीसुद्धा प्रांजलने ठेवून दिली. चांगली होती.

*

म्हाळसाबाई कुणाकडे राहणार, हे अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

डावं

म्हाळसाबाई माहेराहून, बोरीहून, आल्या त्या चहाला न थांबता कोठीकडे गेल्या. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ, धर्माजीमामा. त्यांना वाटणीसाठीच आणलं होतं. मामा ओसरीवर टेकले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "लई वेळ लागायचं काम न्हाई. जेवाय बी थांबत न्हाई मी. मेंढरं पोरावर टाकून आलोय."

मामांचं म्हणणं चूक नव्हतं. जमिनीची वाटणी पाडव्यालाच झाली होती. विहीर, मोटर, म्हशी, कारखान्याचा शेअर, सगळं चहा गार व्हायच्या आत मिटलं होतं. म्हाळसाबाईंचा थोरला हनुमंत, त्याने जुनं घर ठेवलं. राघू धाकटा, दूध संघात नोकरीला, त्याने मंचरला फ्लॅट घेतला. आज आखिती, अक्षय्य तृतीया. चांगला दिवस म्हणून राघूची चूल आज हलायची होती. राहिली होती ती फक्त कोठी, म्हणजे स्वयंपाकघरामागची ती एका खिडकीची खोली. आणि कोठी तर वाटलेलीच होती.

ती कशी वाटलेली होती हे आशाला चांगलं माहीत होतं. थोरली सून म्हणून ती पारगावहून या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने डावीकडच्या कणगीतून बाजरी काढली आणि पीठ करून आणलं. सासूबाईंनी विचारलं, "उजवीकडनं काय काढलंस?"

"काय न्हाई. भाकरीच करायच्यात."

"मग गहू बी काढ तेवढंच. एका अंगाला रितं करू ने."

तेव्हापासून या घरात भाकरी झाली की चपातीही होते. डावीकडची तूरडाळ शिजली की उजवीकडच्या हुलग्यांचं माडगं होतं. पाहुणे म्हणायचे, खाऊन-पिऊन सुखी घर आहे. खरं कारण आशाला पुष्कळ वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत मामांनी सांगितलं. म्हाळसाबाई लहानपणापासून लग्नानंतरच्या काही वर्षांपर्यंत मेंढरांमागे चालल्या होत्या. दिवाळी झाली की माळशेज उतरून खाली कोकणात, पावसाच्या आधी परत वर. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. डावी गोणी, उजवी गोणी, दोन्ही तोलाच्या, आणि मधे पाठीवर तवा, काठवट, मीठ. घोडी गेली, घर स्लॅबचं झालं, खिडकीला सरकती काच आली. कोठी मात्र घोडीवरच लादलेली राहिली. खिडकीपासून दारापर्यंत एक अदृश्य कणा, त्याच्या दोन अंगांना धान्य, आणि कण्यावर मीठ.

म्हणून मामांना जेवायला थांबायची गरज नव्हती. डावं थोरल्याला, उजवं धाकट्याला. दोन वाक्यांचं काम.

म्हाळसाबाईंनी उंबऱ्यात चप्पल काढली, पदर खोचला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

आशा मागे उभी होती. तिच्यामागे तिची मुलगी प्रांजल, हातात फोन. फोटो काढायचा का नाही, याच्या विचारात.

सासूबाई बोरीला गेल्या त्या दोन दिवसांत मायलेकींनी कोठी लावली होती. धान्य एका भिंतीला, डाळी दुसऱ्या, मसाले तिसऱ्या. गव्हाला बोरिक पावडर चोळून पिंपात, कडधान्याला वरून राख, काळा मसाला हिंगाच्या खड्यासह बंद डब्यात. उन्हात वाळवलेल्या कुरडया, सांडगे, पापड वरच्या फळीवर. जुनं पुढे, नवं मागे. प्रत्येक डब्यावर प्रांजलच्या अक्षरात नाव. खाली झाडूला वाव मिळेल एवढी जागा. आशाने आयुष्यात एवढं नेटकं काही केलं नव्हतं. आता मीठ 'मीठ' लिहिलेल्या डब्यात, मसाल्यांच्या रांगेत, हळदीच्या आणि मोहरीच्या मधे बसलं होतं.

"बरणी कुठंय?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"धुऊन पालथी घातलीय, आत्याबाई. मोरीपाशी."

"आन डावं?"

"सगळंच हाय की. बघा ना, बाहेरनंच दिसतंय आता. हुडकायला नको, हात घालायला नको."

"मला आतलं दिसून काय करायचंय? हात घातल्यावर कळतं ना."

"आज्जी, नावं पण टाकलीत," प्रांजल म्हणाली.

"कुणासाठी?" म्हाळसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी एक डबा उचलला, कानापाशी हलवला, परत ठेवला. "मटकी." तो मटकीचाच होता. "म्हंजी आता कोठी तुमची तुमाला बघता येती."

"येती," आशा म्हणाली. हे तिने अभिमानाने म्हटलं, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की वाक्य भलत्याच दाराने बाहेर पडलं.

तिच्या मनात होतं ते असं. राघूची बायको रत्ना महिनाभर फोनवर म्हणत होती, "ताई, आईंना आमी नेतो. आमच्या बारक्या ऋषीला बघायला कोण न्हाई. मी पतसंस्थेतनं यायला सात वाजत्यात." त्यावर आशाला म्हणता आलं नव्हतं की नेऊ नको. कशाच्या जोरावर म्हणायचं? इतकी वर्षं ती आणि सासूबाई या खोलीवरूनच भांडत आल्या होत्या. तिला वाटलं, कोठी अशी लावून दाखवू, की म्हातारीला वाटेल, आता आपण निवांत बसावं, इथंच, ओसरीवर, कुणी काही मागणार नाही. हे सगळं डब्यांवर लिहिलेलं नव्हतं.

"बरंय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "मग माजं काय अडत न्हाई इथं."

आणि मोरीकडे जाऊन त्यांनी बरणी सरळ केली.

उजवं

"आता ह्यातलं डावं कुठलं म्हनायचं?" धर्माजीमामा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. त्यांनी पागोटं पुन्हा काढलं. म्हणजे आता जेवायला थांबणं आलं.

हनुमंत म्हणाला, "मामा, राघ्याला लागंल तेवढं घिऊन जाऊ द्या. आमी काय मोजाय बसलोय का?"

"तसं नको दादा," राघू म्हणाला. "तू म्हनशील नेलं, लोक म्हनतील दिलं. हक्काचं हाय तेवढं द्या. एक दाना जास्त नको."

"आन कमी?"

"कमी बी कशाला?"

रत्ना हळूच म्हणाली, "अहो, फ्लॅटमधी ठिवायचं कुठं? आपल्या ट्रॉलीत पाच किलोच्या वर बसत न्हाई."

"ग्यालरी हाय की."

"ग्यालरीत कपडे वाळत्यात."

"मग कपडे घरात वाळव." राघूने जमिनीच्या वेळी एवढा आवाज काढला नव्हता. विहिरीला पाणी किती, हे त्याने विचारलंही नव्हतं. पण आईच्या कोठीतली मटकी कुणाच्या हिश्श्याला जाते, यावर तो ताठ उभा होता.

हनुमंत म्हणाला, "वान्याच्या दुकानातला काटा आनतो. इलेक्ट्रॉनिक. पाच मिंटात..."

"काटा?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हनुमंत उघडं तोंड मिटायचं विसरला. "घरातलं धान्य काट्यावर घालायचं? भाऊभाऊ वाटत्यात ते तोलत न्हाईत. तोलतो तो वानी. आपल्यात कुनी तोललंय का कधी? आक्का, तूच सांग."

म्हाळसाबाई ओसरीवर बसून बरणीला फडका मारत होत्या. "मी काय सांगू? माजं कुठंय आता काय."

आशा पुढे आली. ती म्हणाली, "माजीच चूक झाली. म्या परत व्हतं तसं लावते."

"कसं व्हतं ते हाय का ध्यानात?"

आशाने डोळे मिटून पाहिलं. डावीकडे बाजरी, तूरडाळ, मटकी. उजवीकडे गहू, हुलगे... मिरच्या कुठे होत्या? इतकी वर्षं ती मिरच्या डोळे न उघडता काढत आली होती. हाताला माहीत होतं. पण हाताला विचारायचं तर मिरच्या तिथे हव्या होत्या.

दारात हॉर्न वाजला. पप्पू पिकअप घेऊन आला होता. "झालं का राव? मला सांजच्याला कांद्याचं भाडं हाय."

मामा बराच वेळ पिकअपच्या मागच्या फाळक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, घोडी आली बघ."

म्हाळसाबाईंनी मान वर केली.

तर असं ठरलं, की सगळी कोठी पिकअपवर लादायची. अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. म्हाळसाबाई मागून बघणार. गाडी सरळ उभी राहिली की तोल झाला. डावं उतरवून थोरल्याच्या घरात, उजवं तसंच धाकट्याबरोबर. काटा नाही, किलो नाही, कुणाचं तोंड वाकडं नाही.

"पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी हाय मामा," पप्पू म्हणाला. "अशी डबा-डब्यानं न्हाई वाकत ती."

"तू हँडब्रेक वढ," मामा म्हणाले.

दुपार त्यात गेली. हनुमंत आणि राघूने धान्याचे कट्टे, म्हणजे पोती, आणली, आशा आणि रत्नाने डबे. म्हाळसाबाई रस्त्यात उभ्या राहिल्या, गाडीच्या बरोब्बर मागे, एक डोळा मिटून, 'करायचा नाय'च्या समोर.

"उजवीकडं भार चढतोय. तूरडाळ डावीकडं घ्या."

"आता?"

"डावीकडं लई झालं. मिरच्या काढा."

"आई, मिरच्यांला काय वजन अस्तंय का?" राघू म्हणाला.

"अस्तंय. घोडीला इचार."

रस्त्याने जाणारे थांबून विचारू लागले. कुणी म्हणालं बाजारला चाललेत, कुणी म्हणालं लग्नाचं रुखवत आहे. शेजारची झुंबरबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आशे, येवढं नव्या डब्यात भरलंस ते काय गाडीतनं मिरवायला?"

"व्हय. तुमच्या दारावरनंच नेनारे."

प्रांजलने फोनमध्ये काहीतरी उघडलं आणि फोन फाळक्यावर आडवा ठेवला. त्यात एक हिरवा बुडबुडा होता. "शून्य अंश," ती म्हणाली. "एकदम लेव्हल."

म्हाळसाबाईंनी तिकडे बघितलंही नाही. दोन कुरडयांच्या पिशव्या डावीकडून उजवीकडे करायला लावल्या, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बसलं."

बुडबुडा हलला नव्हता.

मग डावं सगळं परत उतरवलं. कोठीत ठेवताना आशाने मुद्दाम भिंतींचा हिशेब सोडला आणि आलं तसं, हाताला येईल तसं ठेवत गेली. प्रांजल म्हणाली, "मम्मी, डाळी इकडं ना?" आशा म्हणाली, "ठेव कुठंबी." शेवटी मीठ राहिलं. 'मीठ' लिहिलेला डबा आशाच्या हातात होता.

"ते दे," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांनी डब्यातलं मीठ बरणीत ओतलं, खडा खाली पडू न देता, आणि बरणी काखेत घेतली. "मीठ वाटत न्हाईत. ते मधी अस्तंय."

"मधी म्हंजी कुनाकडं?" हनुमंतने विचारलं.

 सगळ्यांना कळलं होतं की सकाळपासून न विचारलेला प्रश्न हनुमंतने चुकून विचारला आहे. हनुमंत सोडून.

मधलं

पप्पूने गाडी चालू केली.

"थांब," म्हाळसाबाई म्हणाल्या. "कलतीय बघ."

कलत होतीच. उजवं अंग भरलेलं, डावं रिकामं. प्रांजलने फोन ठेवून पाहिला. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता.

"एका अंगाला लादलेलं बिऱ्हाड निघत न्हाई. घाटात जनावराची पाठ सोलती."

"आई, आपन मंचरला चाललोय," राघू म्हणाला. "घाट कुठंय?"

"पाट आन."

राघूने पाट आणला. म्हाळसाबाई त्यावर पाय देऊन, मुलाचा खांदा धरून, पिकअपमध्ये चढल्या. डाव्या बाजूला फळीला पाठ लावून बसल्या. बरणी मांडीवर घेतली, तिच्यावर पदर टाकला.

"आता बरोबर हाय. चल."

गाडी होती तेवढीच कललेली होती. हे सगळ्यांना दिसत होतं. रत्नाचा चेहरा उजळला, मग तिने आशाकडे पाहिलं आणि तो परत झाकून ठेवला.

आशा दारात उभी होती. तिला म्हणायचं होतं, आत्याबाई, उतरा. पण असं वाक्य त्या दोघींमध्ये कधी वापरलेलं नव्हतं. बाजरी, गहू, कुठली बरणी, झाकण का उघडं, यांचीच वाक्यं होती. ती वाक्यं उलटीपालटी करून हवं ते सांगता येईल का, हे तिने क्षणभर चाचपून पाहिलं. मग ती आत गेली.

बाहेर पप्पू म्हणत होता, "आवो, त्यापरीस ते कट्टेच मधी सरकवा ना. दोन मिंटाचं काम हाय. आज्जीला कशाला मागं बसवताय उन्हात?"

हे अगदी खरं होतं. राघू कट्ट्याला हात घालणार, एवढ्यात रत्ना म्हणाली, "पप्पूभाऊ, तुमी टायरमधली हवा बघा."

"हवा काल भरली."

"परत बघा."

आशा बाजरीचा पन्नास किलोचा कट्टा ओढत बाहेर आली. तिच्या हिश्श्याचा. हनुमंतने विचारलं, "हे काय?" तिने दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी तो उचलून पिकअपच्या डाव्या अंगाला, म्हाळसाबाईंच्या पायापाशी टाकला.

"आता बघा, आत्याबाई," आशा म्हणाली. "तुमच्याबिगर तोल राहतोय का."

म्हाळसाबाईंनी गाडीतूनच मान वाकडी करून बघितलं. आत बसून तोल बघता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"कलतीय अजून," त्या म्हणाल्या.

प्रांजल फोन बघून म्हणाली, "आज्जी, पण..." आणि आईचा चेहरा बघून तिने फोन पालथा ठेवला.

"वहिनी, असू द्या," राघू म्हणाला. "आमाला जास्तीचं नको. म्या सकाळीच म्हनलं, हक्काचं..."

"तुमाला कोन देतंय भाऊजी? गाडीला देतीय."

धर्माजीमामा कुणाकडेच बघत नव्हते. पागोटं बांधत होते. ते बांधायला आज जरा जास्तच वेळ लागत होता.

आशा पुन्हा आत गेली. दुसरा कट्टा कोपऱ्यात, डब्यांच्या मागे होता. तिने तो उभा केला, आडवा केला, दारापर्यंत ओढला आणि उंबऱ्याला अडकवून घेतला. तेव्हा कुणीतरी दुसरं टोक उचललं. वर पाहिलं तर रत्ना होती, पदर कमरेला खोचून.

"उचला ताई," रत्ना म्हणाली. "माज्या बाजूनं धरलंय म्या."

"ऋषीचं काय करशील?"

"पाळनाघर हाय कॉलनीत. चौकशी केलीय." मग उंबरा ओलांडल्यावर, तोंड फिरवून, "गेल्याच महिन्यात केलीय."

दोघींनी कट्टा नेऊन टाकला. गाडी जराशी बसली. कुठल्या अंगाला, हे आता कुणी बघितलं नाही.

"आता?" आशाने विचारलं. तिला धाप लागली होती.

म्हाळसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या कोठीकडे, जिथे डाव्या भिंतीला आता पुष्कळशी जागा रिकामी होती. मग परत तिच्याकडे.

"बसलं," त्या म्हणाल्या. "पाट लाव."

त्या उतरल्या. राघू पाया पडला, रत्ना पाया पडली, पप्पूने हवा ठीक असल्याचं सांगितलं. गाडी गेली. वळणावर ती चांगलीच उजवीकडे कलली, पण ते वळणामुळेही असेल.

मामा जेवले. आशाने भाकरी केली, आणि मग न सांगता चपात्याही.

ती कोठीत गेली तेव्हा म्हाळसाबाई आत होत्या. त्यांनी बरणी मधोमध ठेवली होती आणि वाकून ती खिडकीच्या रेषेत आहे का ते बघत होत्या.

"मिरच्या कुठं व्हत्या ह्या भिंतीला?" आशाने विचारलं.

"हात घाल. कळंल."

आशाने बरणी ओलांडली.

"आन ती येवढी रिकामी खोकी कशाला ठिवलीत?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "दोन्ही कट्टे द्यायची काय गरज व्हती? एकात झालं अस्तं."

"तुमीच म्हनला कलतीय म्हनून."

"म्या म्हनलं. तू ऐकलंस कशाला?"

शिमग्याच्या आधी मंचरच्या दवाखान्यात म्हाळसाबाईंचं वजन केलं होतं. अडतीस किलो भरलं. काट्यापाशी तेव्हा आशाच उभी होती.